बत्तीस अँपिअर

मोटरहोममध्ये राहायला आल्यापासून ज्योत्स्ना गावंडेची एकच तक्रार होती. पोळ्यांसाठी इंडक्शन लावलं की एसी बंद करावा लागायचा. दोन्ही चालू ठेवले आणि तेवढ्यात फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला, की बाहेरच्या खांबावर खट्‌कन आवाज व्हायचा आणि गाडीतलं सगळं बंद. मग हेमंत चपला घालून बाहेर जायचा, खांबावरचा स्विच वर करायचा आणि परत येऊन म्हणायचा, "एक काहीतरी निवड. पोळी नाहीतर गारवा."

"अकोल्याला दोन्ही होतं," ज्योत्स्ना म्हणायची.

पण उन्हाळ्यात अकोल्याला राहण्याची सोय उरली नव्हती. गेली चार वर्षं तिथला पारा एप्रिलपासूनच पन्नासच्या आसपास रेंगाळत होता. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. ज्यांना जमलं त्यांनी जुन्या बस, टेम्पो, व्हॅन घेऊन त्यांची राहती घरं करून घेतली आणि मार्च ते जून चिखलदऱ्याच्या पठारावर मुक्काम हलवला. ऊन वरही होतं, पण खालच्यापेक्षा सात-आठ अंशांनी कमी. तिथल्या तळावर साठ गाड्या लागत. ज्योत्स्नाने जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. हेमंतचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान होतं, ते त्याने भाच्याकडे सोपवलं. मुलगी ऋतुजा लग्न होऊन नाशिकला गेली होती. दोघांनी एक जुनी मिनीबस घेतली आणि हेमंतने वर्षभर खपून तिचं घर केलं.

तळावर प्रत्येक गाडीसमोर कमरेएवढा एक खांब होता. बोट धक्क्याला लागली की इंजिन बंद करून किनाऱ्यावरची वीज घेते, तसं इथे गाडी लागली की खांबाला केबल जोडायची. एका खांबावर सोळा अँपिअर, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. जास्त मागून मिळत नसे, कारण जंगलातून वर येणारी लाइन एकच होती आणि ट्रान्स्फॉर्मरही एकच. तो उन्हाने तापला की त्याची ताकद आणखी घटायची. ऐन गरजेच्या दुपारीच वीज कमी.

त्या कमी विजेत साठ घरं सांभाळण्याचं काम एक यंत्र करत होतं. कंपनीने त्याला लांबलचक नाव दिलं होतं. तळावरचे लोक त्याला वाटप्या म्हणत.

वाटप्याची खुबी अशी होती. प्रत्येक उपकरण वीज ओढतं ते आपापल्या चालीने. पंख्याची मोटर सुरू होताना एक हिसका देते आणि मग स्थिरावते. इंडक्शनची शेगडी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. फ्रिज दमून थांबतो, पुन्हा उठतो. जिन्यावरच्या पावलांवरून घरातला कोण वर येतोय हे आपण न बघता ओळखतो, तसा वाटप्या प्रत्येक खांबातून जाणाऱ्या करंटची लाट बारकाईने मोजून आत काय काय चालू आहे ते ओळखायचा. वीज कमी पडली की आधी कोणाच्या गीझरला थांबवायचा, मग कोणाच्या वॉशिंग मशीनला. तरी भागलं नाही तर अख्खा खांब काही वेळ बंद.

एकाच प्रकारच्या गाडीला यातून सूट होती. जिच्यात आजारी माणसाचं यंत्र चालतं, तिचा खांब बंद करायचा नाही, आणि तिला सोळाऐवजी बत्तीस अँपिअर द्यायचे, कारण अशा माणसाला यंत्राबरोबर गारवाही लागतो. पहिल्या वर्षी यासाठी डॉक्टरचा दाखला चालायचा. साठातल्या एकतीस गाड्यांनी दाखले आणले. तेव्हापासून तळवाल्यांनी दाखले बंद केले. रुग्णाचं नाव नोंदवायचं आणि यंत्र खांबावर प्रत्यक्ष चालताना वाटप्याला दिसलं पाहिजे. कागद खोटा असू शकतो, करंट कसा खोटा असेल, असा त्यांचा हिशेब.

ज्योत्स्नाचा खांब सतरा नंबरचा. अठराव्या खांबाला उज्ज्वलाताई तायडेंची लहानशी जुनी व्हॅन असे. उज्ज्वलाताईंनी धारणीकडच्या पाड्यांवर चौतीस वर्षं नर्स म्हणून काम केलं होतं. मागच्या साथीत त्यांची फुप्फुसं अर्धी गेली. आता नाकाला नळी आणि पायाशी ऑक्सिजनचं यंत्र, असा त्यांचा दिवस आणि अशीच रात्र. यंत्राच्या पोटात दोन नळकांडी होती. एक हवेतला नायट्रोजन अडवून ऑक्सिजन पुढे सोडायचं, तोवर दुसरं अडवलेला नायट्रोजन बाहेर टाकून मोकळं व्हायचं. दर काही सेकंदांनी दोघांची अदलाबदल, आणि प्रत्येक वेळी फुस्स असा आवाज. एकटा जीव. भाऊ परतवाड्याला, तो महिन्यातून एकदा येऊन सामान देऊन जाई.

दोघींचं पहिल्याच उन्हाळ्यात जमलं. संध्याकाळी व्हॅनच्या सावलीत खुर्च्या टाकून त्या बसत. उज्ज्वलाताईंनी तिला व्हॅनच्या कोपऱ्यातला ऑक्सिजनचा लहान सिलिंडर उघडायला शिकवलं होतं. किल्ली कुठल्या बाजूला फिरवायची, काटा कुठे आणायचा, सगळं तीन-तीनदा करून घेतलं.

"मला कशाला शिकवता? तुम्ही स्वतः नर्स."

"नर्स बेशुद्ध पडली तर कोण उघडेल? तूच जवळ राहून राहिली ना."

या वर्षी मार्चमध्ये उज्ज्वलाताईंच्या व्हॅनच्या केबलचा प्लग सैल होऊन जळाला. काळा धूर निघाला. ज्योत्स्ना धावत गेली, त्यांचं यंत्र उचलून आपल्या गाडीत आणलं आणि स्वयंपाकाच्या ओट्याखालच्या सॉकेटला लावलं. उज्ज्वलाताईही आल्या. पलंगाचा एक भाग त्यांना दिला.

"लाईट जास्त लागेल तुमचा," त्या म्हणाल्या.

"लागू द्या. दुरुस्त होईपर्यंत इथेच राहायचं."

हेमंतने प्लग आणि आतली वायर बदलून दिली. दोन दिवस लागले. उज्ज्वलाताई जाताना त्याच्या हातात बळेच एक रुमाल ठेवून गेल्या, स्वतः भरतकाम केलेला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हेमंत बोटाएवढी जाड नवी केबल घेऊन आला. गाडीच्या कुशीतलं जुनं सॉकेट काढून त्याने मोठं बसवलं, आतला स्विचबोर्ड बदलला, प्रत्येक वायर दिव्यासमोर धरून तपासली. संध्याकाळी ज्योत्स्नाला हाक मारून म्हणाला, "लाव आता. शेगडी, एसी, गीझर, काय हवं ते."

तिने सगळं लावलं. खट्‌कन आवाज आला नाही.

"बत्तीस दिले त्यांनी?"

"अर्ज केला होता. या वर्षी चार गाड्या आल्याच नाहीत, वीज शिल्लक आहे. ज्याचं वायरिंग पक्कं त्याला देतात."

ज्योत्स्नाने त्या दिवशी पोळ्या केल्या, भाजी केली आणि एसी चालू ठेवून केली. चार पोळ्या उज्ज्वलाताईंना नेऊन दिल्या. विजेच्या बाबतीत नवऱ्याचा शब्द शेवटचा, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. तळावरचे सगळेही तेच मानत. कोणाचा पंप अडकला, कोणाची बॅटरी फुगली, की गावंडे साहेबांना हाक. तो पैसे घेत नसे. तिला त्याचा अभिमान होता.

मेच्या चौथ्या आठवड्यात पठारावरच एक्केचाळीस अंश झाले. दुपारी साडेतीनच्या सुमाराला ज्योत्स्ना कैरीचं पन्हं घेऊन शेजारी निघाली. व्हॅनच्या पायरीवर पाय ठेवला आणि तिला काहीतरी कमी वाटलं. फुस्स असा आवाज येत नव्हता. आतून नुसती बारीक पिपाणी वाजत होती, यंत्राची वीज गेल्याची. उज्ज्वलाताई दुपारी निजताना कानातलं श्रवणयंत्र काढून ठेवत, हे तिला माहीत होतं.

दार ओढलं तसा गरम हवेचा झोत तोंडावर आला. उज्ज्वलाताई कुशीवर होत्या. ओठ जांभळे. हाक मारली तर डोळे अर्धे उघडले आणि मिटले.

पन्ह्याचा पेला कुठे पडला हे तिला नंतरही आठवलं नाही. सिलिंडर पुढे ओढला, किल्ली फिरवली, काटा आणला, मास्क तोंडावर दाबून धरला आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन. शाळेत पाढे म्हणून घ्यायची त्या आवाजात. साठपर्यंत गेल्यावर ओठांचा रंग बदलला.

हेमंतने रुग्णवाहिका बोलावली. त्यानेच स्ट्रेचर उचललं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आणखी दहा मिनिटं गेली असती तर बाई हाताला लागल्या नसत्या. रात्रभर इथे राहू द्या."

साडेपाचला ज्योत्स्ना तळाच्या ऑफिसात गेली. तळाचा व्यवस्थापक प्रफुल्ल काळमेघ हा पस्तिशीचा, मऊ बोलणारा माणूस. आजाऱ्याचा खांब बंद झालाच कसा, हे तिला विचारायचं होतं.

"मॅडम, मलाही धक्का बसला," तो म्हणाला. "पण वाटप्याने कारण दिलं आहे. तायडेबाईंचं मशीन बनावट निघालं."

"मी रोज बघते ते मशीन."

"तसं नाही. मशीन असेल, पण खांबावर जी चाल दिसते ती उसनी आहे." त्याने पडदा तिच्याकडे वळवला. "प्रत्येक मशीनची चाल वेगळी असते. एकाच कंपनीची दोन घेतली तरी झडपा वेगळ्या झिजतात, त्यामुळे ठोका वेगळा. आज लोड फार वाढला, तेव्हा वाटप्याने सगळी आजाऱ्यांची यंत्रं बारीक तपासली. तर दोन खांबांवर एकच मशीन. एक मशीन दोन गाड्यांत कसं असेल? म्हणजे त्यातलं एक नक्कल."

"आणि यांचंच नक्कल कशावरून?"

"मार्चमध्ये नोंदवलेल्या नमुन्याशी दोन्ही ताडून बघितली. नाव कोणाचं ते वाटप्या बघत नाही, फक्त चाल बघतो. एक तंतोतंत जुळतं. तायडेबाईंचं बरंच ढळलंय."

पडद्यावर दोन लाटा एकाखाली एक होत्या. वरची दर ठोक्याला अगदी सारखी. खालचीचे ठोके किंचित लांबलेले, मधेच एखादा अडखळलेला.

ज्योत्स्ना त्या लाटांकडे बघत राहिली. मार्चपासून अडीच महिने झाले होते. एवढ्या धुळीत रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्राची जाळी तुंबते, झडप सैल होते. उज्ज्वलाताई गेले पंधरा दिवस म्हणतच होत्या की मशीन थोडं दमल्यासारखं चालतं. चालतं यंत्र जसंच्या तसं राहत नाही. जसंच्या तसं राहतं ते फक्त उतरवून घेतलेलं. वाटप्याने नकलेला खरं ठरवलं होतं आणि खऱ्याला नक्कल.

हे ती बोलणार, तेवढ्यात काळमेघने आवाज खाली घेतला.

"एक विचारू का, मॅडम? राग मानू नका. तुमची तब्येत आता कशी आहे?"

"माझी?"

"गावंडे साहेबांनी सांगितलं होतं की तुम्हाला कोणाला कळू द्यायचं नाही. म्हणून मी कधी विषय काढला नाही. पण आज तुम्ही एवढ्या उन्हात धावपळ केली. नळी न लावता किती वेळ राहता येतं तुम्हाला?"

पडद्यावरच्या वरच्या लाटेशेजारी लिहिलेलं तिने आता वाचलं. खांब सतरा. रुग्ण: ज्योत्स्ना हेमंत गावंडे.

तिच्या तोंडून खरं निघायला एक क्षण पुरला असता. पण ती म्हणाली, "बरी आहे," आणि उठली.

"तायडेबाईंना उद्या दुपारपर्यंत तळ सोडावा लागेल," काळमेघ मागून म्हणाला. "नियम आहे. मला वाईट वाटतं."

हेमंत गाडीत टेबलाशी बसून कोणाचा तरी मिक्सर उघडत होता. ज्योत्स्ना दारातच उभी राहिली.

"रुग्ण म्हणून माझं नाव दिलंत?"

त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. "आधी बस."

"माझं नाव दिलंत का?"

"कोणाचं तरी द्यावंच लागतं. मी दिवसभर तळावर हिंडतो, लोकांच्या गाड्यांवर चढतो. माझं कसं देणार?"

"आणि मी?"

"तू घरातच असतेस ना बहुतेक."

तिने पलंगाची फळी वर केली. खाली बॅटरी होती, बॅटरीचा चार्जर होता आणि चार्जरला जोडलेली पुस्तकाएवढी एक पेटी. पेटीवर हिरवा दिवा दर काही सेकंदांनी मंद व्हायचा आणि पुन्हा उजळायचा. फुस्स असा आवाज तेवढा नव्हता.

हेमंत उठून शेजारी आला. त्याच्या बोलण्यात भीती होती, पण भीतीच्या खाली दुसरंही काही होतं आणि ते तिने ओळखलं. दुकानात एखादी मेलेली बॅटरी जिवंत केली की त्याचा असा आवाज व्हायचा.

"वीज वाया नाही जात यात. चार्जरच आहे साधा, बॅटरीत भरतो. फक्त भरायची चाल त्याला शिकवली. वाटप्याला वाटतं ऑक्सिजनचं मशीन चालू आहे. दोन वर्षं सगळे म्हणत होते, करंट खोटा करता येत नाही."

"चाल कुठून आणलीत?"

त्याने फळी खाली करायला हात पुढे केला.

"प्लग बदलायला तुम्हाला दोन दिवस लागले होते," ती म्हणाली. "तासाभराचं काम. मी तेव्हा म्हटलं, सामान मिळत नसेल."

"रात्री त्या ऑक्सिजनचा फ्लो कमी ठेवतात. दिवसाची चाल वेगळी, रात्रीची वेगळी. दोन्ही घ्यावी लागली."

ज्योत्स्ना पलंगाच्या कडेवर बसली. ओट्याखालचं सॉकेट समोर होतं. तिथे यंत्र तिने स्वतः लावलं होतं. उज्ज्वलाताई याच पलंगावर निजल्या होत्या, आणि भिंतीपलीकडे हा माणूस त्यांच्या श्वासाची नोंद घेत जागा होता. सकाळी उठून त्याने त्यांना चहा दिला होता.

"त्या आज मेल्या असत्या."

"मी त्यांची वीज तोडली नाही, ज्योत्स्ना. त्या यंत्राने तोडली. माझी नक्कल त्यांच्या मशीनच्या आड येईल असं स्वप्नातही नव्हतं. खांबाला वाटलं असतं दोन आजारी माणसं आहेत, एवढंच." तो तिच्यासमोर खाली बसला. "तुझ्यासाठी केलं. रोज ऐकत होतो मी, अकोल्याला दोन्ही होतं, अकोल्याला दोन्ही होतं. स्वतःसाठी मला कशाला हवे होते बत्तीस?"

ती पेटीवरचा हिरवा दिवा मंद होताना बघत राहिली.

"सकाळपर्यंत थांब. मी हे काढून टाकतो. काळमेघला सांगतो, ताईंचं मशीन मी स्वतः तपासलंय, खरं आहे. माझा शब्द तो मोडणार नाही. ताई राहतील, आपणही राहू. सगळं नीट होईल."

तिच्यासारख्या गणिताच्या बाईला ते चूक आहे हे कळायला वेळ लागायला नको होता. एक मशीन आणि दोन खांब. उज्ज्वलाताईंचं खरं ठरलं की सतराव्या खांबावरचं खोटं ठरणारच. दोघं राहू शकतील असं उत्तर त्या उदाहरणाला नव्हतंच. पण एकतीस वर्षांचा संसार होता, समोर बसलेल्या माणसाचे डोळे भरले होते आणि त्याने फक्त सकाळ मागितली होती. तिने सकाळ दिली.

सकाळी नऊला रुग्णवाहिका परत आली. उज्ज्वलाताई आधाराने उतरल्या, खांद्याला दवाखान्याचा लहान सिलिंडर. त्यांच्या खांबावर लाल पट्टी चिकटवली होती आणि व्हॅनच्या दारावर नोटीस. तळावरची पंधरा-वीस माणसं जमली होती. कोणी पुढे झालं नाही. गेल्या महिन्यापर्यंत याच बायका त्यांच्याकडून रक्तदाब मोजून घेत. आता एक म्हणाली, हळू पण ऐकू जाईल अशी, "आमचे एसी बंद, आणि यांनी खोटं मशीन दाखवून वीज खाल्ली."

उज्ज्वलाताईंनी नोटीस दोनदा वाचली. "मी काय केलं, काळमेघ?"

काळमेघने हेमंतकडे बघितलं. "साहेब, तुम्ही रात्री मशीन बघितलं ना? तुमचं काय मत?"

ज्योत्स्ना गाडीच्या दारात उभी होती.

"बघितलं," हेमंत म्हणाला. "जुनं आहे फार. त्याची खात्री कोणी द्यावी, कठीण आहे." मग तो पुढे झाला आणि उज्ज्वलाताईंच्या हातातली पिशवी घेत मायेने म्हणाला, "ताई, तुम्ही काळजी नका करू. मी स्वतः तुम्हाला परतवाड्याला भावाकडे सोडून येतो. रस्त्याने सिलिंडरची सोय करतो."

त्या आवाजात खोट काढायला जागा नव्हती. तो खरंच सोडून आला असता. वाटेत दोनदा थांबून पाणी पाजलं असतं.

ज्योत्स्ना आत गेली. हेमंतने पेटी काढून टाकली नव्हती. वायर सोडवून, टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली होती. ती घेऊन तिने खाली आणली आणि काळमेघच्या हातात दिली.

"तायडेबाईंचं मशीन खरं आहे," ती म्हणाली. "खोटं आमचं. हे या पेटीतून येत होतं. मला कसलाही आजार नाही. मार्चमध्ये त्यांचं मशीन दोन दिवस आमच्या सॉकेटला होतं, तेव्हा यांनी त्याची चाल उतरवून घेतली."

हेमंत म्हणाला, "ज्योत्स्ना." एवढंच. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. वर्गात शिकवायची तशी तिने दोन लाटांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, जाळी का तुंबते, ठोका का ढळतो, नक्कल का ढळत नाही. काळमेघ पेटी उलटसुलट करून बघत होता आणि त्याचे कान लाल होत होते. तासाभरात अठराव्या खांबावरची पट्टी निघाली. सतराव्यावर लागली.

माणसं पांगल्यावर ती व्हॅनमध्ये गेली. उज्ज्वलाताईंचं यंत्र सुरू झालं होतं, अडखळत. त्या पलंगावर बसल्या होत्या.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

ज्योत्स्नाला खोटं बोलता आलं असतं. आत्ता सकाळी, म्हटलं असतं तर पटलं असतं.

"काल साडेपाचला. ऑफिसात."

"काल." उज्ज्वलाताईंनी नळी नीट केली. यंत्राने दोनदा श्वास सोडला. "मी दवाखान्यात पडून विचार करत होते, ज्योत्स्ना होती म्हणून वाचले. डॉक्टरलाही तेच सांगितलं. आणि तू इकडे रात्रभर ठरवून राहिली होती, की सांगावं का नाही."

"मला वाटलं ते स्वतः सांगतील."

"तुझा नवरा आहे. तुला तसं वाटणारच." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पाड्यावरच्या एखाद्या बाईला बाळ दगावल्याचं सांगावं तसा आवाज होता. "तू माझा जीव वाचवला, तो मी विसरणार नाही. पण आता इथे बसू नको. मला निजायचं आहे."

"मशीनची जाळी—"

"जाळी भाऊ बदलेल."

ज्योत्स्ना उतरली. पायरीशी कालचा पेला पडलेला होता. तो तिने उचलला, नळाखाली धुतला आणि पायरीवर ठेवून दिला.

गावंडेंच्या गाडीला बारापर्यंत तळ सोडायचा होता. हेमंतने जाड केबल गुंडाळून पोटमाळ्यात टाकली, सामान बांधलं आणि स्टीअरिंगशी बसला. तिच्या बाजूची सीट त्याने पुसून ठेवली होती. तिने कपड्यांची एक बॅग घेतली आणि बसस्टँडकडे चालू लागली. तो गाडी हळूहळू तिच्या बाजूने आणत राहिला.

"एवढ्या उन्हात चालणार का तू? बस आत. भांडायचं तर खाली जाऊन भांड."

"तुम्ही जा."

"लोक बघताहेत."

"बघू द्या."

स्टँडच्या वळणावर गाडी थांबली, मग पुढे निघून गेली.

एसटी अर्धी रिकामी होती. कंडक्टरने तिकीट फाडताना तिच्याकडे बघितलं. "लोक वर येऊन राहिले आणि तुम्ही खाली चालल्या, बाई?" ती नुसती हसली. घाट उतरायला लागला तसा खिडकीतून येणारा वारा एकेका वळणाला तापत गेला. तिसऱ्या वळणाला तिने पदर तोंडावरून घेतला.

मग फोन वाजला. ऋतुजा होती.

"आई, कुठे आहेस? बाबांचा आत्ता फोन आला होता. म्हणाले तुझी तब्येत ठीक नाही. डोक्यावर परिणाम झाल्यासारखं वागतेस, काहीही बोलतेस, गाडीत बसायला तयार नाही. ते खूप रडत होते गं. मी रजा टाकू का? तिथे चांगला डॉक्टर बघू?"

ज्योत्स्नाने डोळे मिटले. बसच्या इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"रजा नको टाकूस," ती म्हणाली. "मला काही झालेलं नाही. तुला थोडा वेळ आहे का?"

"आहे. बोल."

"मग दार लावून घे आणि बस. मार्चपासून सांगते. मधे थांबवू नकोस."

आणि ती सांगू लागली.